उरलेले अठरा महिने

रॉस्को टिडवेलने वीस वर्षं अमेरिकन सैन्यात ट्रक दुरुस्त केले. त्याबद्दल मिळालेली छत्तीस महिन्यांच्या मोफत कॉलेजची सवलत त्याने नोकरीत असतानाच लेकीच्या, डार्लाच्या, नावावर केली. नर्सिंगचा कोर्स अठरा महिन्यांत संपवून डार्ला म्हणाली, "बाबा, उरलेले महिने आता तू वापर."

"सेहेचाळिसाव्या वर्षी पोरांबरोबर बाकावर बसू?"

"ट्रकखाली लोळताना लाजला नाहीस, मग बाकावर बसायला कसली लाज?"

आठवडाभराने रॉस्कोने कॉलेजचा अर्ज भरला. गणिताच्या पहिल्याच परीक्षेत तो नापास झाला. मग ड्यूटीवरून आली की डार्ला त्याला अपूर्णांक शिकवायला बसे. पुढच्या परीक्षेत तो काठावर पास झाला. ती उत्तरपत्रिका त्याने दप्तरात ठेवलीच नाही, हातात धरूनच घरी आणली.