बकेट खाली घे

माझ्या बाबांच्या हातांना कायम ग्रीसचा वास यायचा. साबण लावा, राख लावा, तो जायचा नाही. आई म्हणायची, "लग्न एकाशी केलं आणि दोघं घरी आले, हे आणि यांचं ग्रीस." आताही एखाद्या गॅरेजवरून जाताना तो वास आला की माझी पावलं हळू पडतात. सोबतच्यांना वाटतं, हिचे गुडघे दुखत असतील. वाटू दे.

बाबा दगडखाणीत मशीनना वंगण घालायचे काम करत. सगळे त्यांना गनमास्तर म्हणायचे, ग्रीस दाबून भरायच्या ग्रीसगनवरून. खाणीतलं सगळ्यात मोठं पोकलेन मी चालवायचे आणि त्याला रोज सकाळी ग्रीस घालायचे ते. त्या काळात आमचा दोघांचा अबोला होता.

अबोल्याचं कारण ते पोकलेनच. जुना ऑपरेटर निवृत्त झाला तेव्हा ती खुर्ची आपल्यालाच मिळणार, असं बाबा धरून चालले होते. नुसते धरून नाही, नवा शर्टही शिवून घेतला होता. मी तेव्हा वजनकाट्याच्या केबिनमध्ये बसून भरलेले ट्रक मोजायचे. कंपनीने परीक्षा ठेवली, ज्याला द्यायची त्याने द्यावी म्हणाले. जेवणाच्या सुट्टीत जुन्या ऑपरेटरशेजारी बसून मी पोकलेन शिकले होते, मी आपली हौसेने दिली. मी पास झाले आणि बाबा नापास. निकाल फोरमनने सगळ्यांसमोर मोठ्याने वाचला. त्या दिवसापासून बाबांनी माझ्यापुरती मिठाची गुळणी धरली. मग मीही धरली. खाण तशी माती.

घरात आमच्या मधे आई. "तिला सांग, पंखा बंद कर." मी दोन हातांवर बसलेली. "त्यांना सांग, मला उकडतंय." एक दिवस आई वैतागून म्हणाली, "दोघं मिळून मला पगार सुरू करा. टपाल वाटायचं काम मी फुकट करणार नाही."

पण खाणीत ही थेरं चालत नव्हती. पोकलेनच्या लोखंडी खोऱ्याला बकेट आणि ते ज्याच्या टोकाला असतं त्या लांब हाताला बूम म्हणतात. त्याच्या प्रत्येक सांध्यात मनगटापेक्षा जाड पिन असते आणि पिनेभोवती बुश, म्हणजे पितळेचं नळकांडं. तिथे रोज ग्रीस गेलं नाही तर लोखंडावर लोखंड घासून सांधा खिळखिळा होतो. ग्रीस सगळीकडे पोचावं म्हणून घालता घालता सांधा हलवावा लागतो. म्हणजे खाली बाबा गन दाबणार, वर केबिनमध्ये मी दांडे धरून बसणार, आणि त्यांना मला सांगावंच लागणार.

"बकेट खाली घे. थांब. बूम वर. बस."

सुरुवातीला तेवढंच. मग हळूहळू त्यात घर शिरलं.

"बकेट खाली घे. तुझ्या आईला खोकला झालाय, औषध आण. थांब."

"आणलंय. कपाटात आहे."

"बूम वर घे. मग घेत का नाही ती?"

"कडू आहे म्हणते."

"जरा अजून वर. मी सांगतो तिला."

घरी आलो की पुन्हा तोंडाला कुलूप. तरी ती सकाळची वेळ मला पुरायची. मी भोंग्याच्या आधीच जाऊन केबिनच्या काचा पुसत बसायचे. फोरमनला वाटायचं, काय कामसू मुलगी आहे.

मग नवे बुश आले. खाणीत एक चष्मेवाला फिटर होता. त्याने त्यातला एक माझ्या हातात ठेवला आणि मला हसूच आलं. पितळेच्या जुन्या बुशापुढे त्याला वजनच नव्हतं.

"एवढ्या मोठ्या धुडाला हे खेळणं?"

"हसू नका," तो म्हणाला. "बाहेरून धाग्यांचं कडक कवच आहे आणि आत हे विणलेलं अस्तर. वंगण त्या विणीतच मुरवलंय. पिन फिरली की ते थोडं थोडं तिच्यावर पसरतं. वरून काही घालायचं नाही. चुकूनसुद्धा नाही. ग्रीसला दगडाची धूळ चिकटते, आणि ती आत गेली की अस्तर खरवडून निघतं." हे शेवटचं तो बाबांकडे बघून म्हणाला.

बाबांनी बुश हातात घेतला, आतून बोट फिरवलं आणि बोट नाकाशी नेलं. "वास नाही याला," एवढंच म्हणाले.

बुश बसले. सहा महिने चालवायचे, मग उघडून बघायचे, चांगले राहिले तर सगळ्या मशीनना लावायचे, असं ठरलं. मधल्या काळात बाबांना वर्कशॉपमध्ये सुटे भाग धुवायला बसवलं. माझं मशीन भोंगा झाला की थेट कामाला लागायचं. कुरकुर नाही, करकर नाही, बूम कशी अलगद फिरायची. मला आनंद व्हायला हवा होता. पण मला करमेना. घरात आमच्यापैकी कुणी वाकणार नव्हतं, सुंभ जळाला तरी पीळ जाणार नव्हता. खाणीतलं बोलणंही गेलं, तर हे असंच मरेपर्यंत चालणार, या विचाराने मला खरंच भीती वाटायची.

आणि एका सकाळी बाबा मशीनपुढे येऊन उभे राहिले, खांद्यावर गन घेऊन. नेहमीसारखा हात वर केला.

"बकेट खाली घे."

ग्रीस गेलं तर बुश गेले. फिटर उघडणार तेव्हा कुणी घातलं हे शोधायला फार अक्कल लागणार नव्हती, आणि बाबांना या वयात घरी बसवलं असतं. फोरमनला सांगावं तर आपलेच दात, आपलेच ओठ. आणि नको म्हणावं, तर बाबा पाठ फिरवून जाणार आणि परत यायचे नाहीत. हे मला पक्कं ठाऊक होतं.

मी बकेट खाली घेतली.

"थांब," बाबा गन दाबत म्हणाले. "तुझी आई म्हणत होती, रात्री जेवत नाहीस."

"जेवते. तिचं लक्ष नसतं."

"बूम वर घे. नीट जेवत जा."

दुसऱ्या दिवशीही आले, तिसऱ्या दिवशीही. रोज भोंग्याच्या आधी. त्या दिवसांत मी जितकी खूश होते तितकीच धास्तावलेली होते. संध्याकाळी कुणी नाही असं बघून सांध्यांच्या कडेने बोट फिरवायचे. बाहेर आलेलं ग्रीस काही दिसायचं नाही. मला वाटायचं, जाताना पुसून घेत असतील, तेवढे ते हुशार आहेत.

मग फिटर म्हणाला, येत्या आठवड्यात बुश उघडू. त्यानंतर मला राहवेना. सकाळी बाबांनी हात वर केला, मी बकेट खाली घेतली, इंजिन बंद केलं आणि खाली उडी मारली.

"बाबा, ती गन द्या."

ते देईनात. मी ओढूनच घेतली. तोंड माझ्या तळहाताकडे केलं आणि दांडा दाबला. पुन्हा दाबला. तळहातावर नुसता वारा आला.

"रिकामी आहे," बाबा म्हणाले. "ग्रीस घातलं असतं तर बुश वाया गेले असते. नापास झालो म्हणून काय एवढंही कळत नाही मला?"

"मग हे रोज कशासाठी?"

"तू रोज बकेट कशासाठी खाली घेत होतीस?"

माझे डोळे भरून आले. धूळ गेली म्हणायची सोय होती, पण मी म्हटलं नाही.

"तुम्ही बोलता म्हणून," मी म्हणाले.

बाबा मशीनच्या चाकांवरच्या लोखंडी पट्ट्यावर टेकले. दोन्ही तळवे पँटला पुसले, खरं तर पुसण्यासारखं त्यांना काही लागलेलं नव्हतं.

"खुर्ची गेली त्याचं एवढं काही नाही," ते म्हणाले. "तुझ्यासमोर नापास झालो ना, त्याची लाज वाटली गं. घरात तुझ्याकडे बघून काय बोलावं तेच सुचायचं नाही. इथं निदान बकेट तरी होती."

मी त्यांच्याशेजारी बसले. मागे ट्रकवाला हॉर्न वाजवत होता, भोंगा कधीच होऊन गेला होता. मी उठायला लागले तर बाबांनी माझं मनगट धरलं. "वाजवू दे त्याला," म्हणाले.

पुढच्या आठवड्यात फिटरने सांधे उघडले. बुश आतून कोरडे, स्वच्छ, पिना चकचकीत. सगळ्या मशीनना तेच लावायचं ठरलं आणि बाबांची गन कायमची सामानात जमा झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मशीनपुढे आले. हात रिकामे होते आणि त्या हातांचं काय करावं हे त्यांना कळत नव्हतं. मला सांगण्यासारखं कुठलंच काम त्यांच्याकडे उरलं नव्हतं. तरी ते आले होते. मी इंजिन बंद केलं आणि खाली उतरले.