सोळाच्या जागी सतरा

शनिवारी सकाळी साडेपाचला मी आमच्या गावच्या फुटबॉल क्लबच्या स्वयंपाकघरात कांदे चिरत होते. मग सॉसेज, मग ब्रेडला लोणी, मग मध्यंतरासाठी दोन बादल्या संत्र्याच्या फोडी. एकतीस वर्षं हेच चाललंय. आधी नवरा मर्व्ह खेळायचा म्हणून, मग मुलगा खेळायचा म्हणून, आणि आता घरातलं कोणीच खेळत नाही तरीही. मर्व्ह जाऊन सहा वर्षं झाली, मुलगा पर्थला असतो. मी थकलेय असं कुणाला म्हटलं, की ‘तू नसशील तर क्लब बंद पडेल, ग्लेन,’ असं म्हणून माझ्या हातात आणखी एक ट्रे देतात.

त्या दिवशी मात्र रॉस, आमचा अध्यक्ष, स्वयंपाकघरात आला आणि दार लोटून घेत म्हणाला, “संध्याकाळी जरा बरा स्वेटर घाल. तुला आजीव सदस्य करायचं ठरलंय. मी सांगितलं असं दाखवू नकोस.”

क्लबच्या भिंतीवर आजीव सदस्यांच्या नावांचा सोनेरी अक्षरांतला फलक आहे. त्यावर मर्व्हचं नाव आहे, त्याच्या भावाचं आहे, गवत कापणाऱ्या लेसचंसुद्धा आहे. बाईचं एकही नाही. खोटं कशाला बोलू, मला ते हवं होतं. फार वर्षांपासून हवं होतं.

दुपारी सामना सुरू झाला. मुलींच्या सामन्यात माझं काम बदली खेळाडूंच्या बाकाशेजारी बसायचं. बाहेर कोण आली, आत कोण गेली, ते कागदावर टिपायचं आणि आत जाणारीला ‘जा’ म्हणायचं. मैदानात एका वेळी सोळा जणी. काम सोपं आहे. झोपेतही जमेल असं मी म्हणायची.

बाकावर माझ्याजवळ चिम होती. ही मंगोलियाची. गावाबाहेरच्या शेती महाविद्यालयात शिकायला आलेली. तिचं नाव ओयुनचिमेग. पहिल्याच सरावाला पोरींनी त्याचं ‘चिम’ केलं. फेब्रुवारीत आली तेव्हा तिला हा लांबोडका चेंडू धरतासुद्धा येत नव्हता. उसळून कुठे जाईल त्याचा नेम नाही, म्हणायची. पण पळायची अशी, की दमायचं नावच नाही. सरावाचा एकही मंगळवार तिने चुकवला नाही. बाकीच्या तिच्याशी बऱ्या वागायच्या, पण सामना संपल्यावर कुणाच्या घरी जायचं ठरलं की तिला विचारायचं राहून जायचं. हे मी पाहत होते आणि मीही कधी विचारलं नव्हतं.

आमचा हा संघ दोन वर्षांत एकदाही जिंकला नव्हता. त्या दिवशी शेवटची दहा मिनिटं राहिली तेव्हा आम्ही एकतीस, समोरचा बुरोंगचा संघ सव्वीस. मैदानाभोवती गाड्या लावून बसलेले लोक हॉर्न वाजवून वाजवून बॅटऱ्या संपवत होते. तेवढ्यात आमची कप्तान टीगन, चौदा नंबर, धापा टाकत रेषेपाशी आली. ती बाहेर आली असं धरून मी टिपलं, ‘चौदा बाहेर,’ आणि चिमला म्हटलं, “जा.”

चिमने एकदा टीगनकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

“जा म्हटलं ना,” मी ओरडले. ती गेली.

टीगन पाणी प्यायला आली होती. दोन घोट घेतले आणि परत आत पळाली. माझा डोळा तेव्हा लागला होता की नुसताच मिटला होता, मला सांगता येणार नाही.

आमच्या खेळात एक जुना नियम आहे. समोरच्या कप्तानाला शंका आली तर तिने पंचाला डोकी मोजायला सांगायचं. एक जरी जास्त निघालं, तर तोवरचे सगळे गुण पुसले जातात. बुरोंगच्या कप्तानाने हात वर केला. खेळ थांबला. आमच्या पोरी मैदानाच्या मध्ये रांगेत उभ्या राहिल्या. पंचाने बोटाने दोनदा मोजलं. सतरा. गुणफलकावरचा आमचा एकतीसचा आकडा उतरवला गेला आणि तिथे शून्य लागलं. हॉर्न बंद झाले.

“शेवटी आत कोण आली?” टीगनने विचारलं आणि सगळ्यांनी चिमकडे पाहिलं. “अगं, तुमच्या देशात सोळापर्यंत मोजत नाहीत का?”

“घरी आठशे मेंढ्या आहेत,” चिम म्हणाली. “रोज मीच मोजायची.”

कुणीतरी हसलं. टीगन हसली नाही. मी कागदाकडे पाहिलं. ‘चौदा बाहेर’ माझ्याच अक्षरात होतं. तेव्हाच उठून बोलायला हवं होतं. मी तोंड उघडलं नाही. संध्याकाळी माझं नाव पुकारणार होते, एवढंच कारण. दुसरं काहीही नव्हतं.

सामना हरलो. साडेपाचला सगळे क्लबच्या खोलीत जमले. चिम एकेकीजवळ जाऊन माफी मागत होती. “असू दे गं, तुला नियम कुठे ठाऊक,” असं म्हणत पोरी मान फिरवत होत्या. तेरा वेळा मी ते ऐकलं. मग रॉसने माईक हातात घेतला, एकतीस वर्षं, बादल्या, सॉसेज वगैरे बोलला आणि माझं नाव पुकारलं. मी पुढे गेले. गुडघे दुखत होते.

“चूक चिमची नव्हती,” मी म्हटलं. “माझी होती. मीच तिला आत पाठवलं.”

मग कुणीतरी टाळी वाजवली आणि सगळी खोली उभी राहिली.

“बघा,” रॉस म्हणाला, “हीच आमची ग्लेन. परक्या पोरीचा दोषसुद्धा स्वतःच्या अंगावर घेते.”

“अरे, खरंच माझी चूक आहे.”

“हो, हो,” म्हणून त्याने माझ्या स्वेटरला बिल्ला लावला. टाळ्या वाढल्या. टीगनने येऊन मिठी मारली आणि चिमला म्हणाली, “वाचलीस. ग्लेनचे आभार मान.”

मी मागच्या खुर्चीवर येऊन बसले. मला हलकं वाटेल असं वाटलं होतं. उलट लाजच वाटली. चिम शेजारी येऊन बसली.

“चूक माझी आहे हे तुला ठाऊक होतं ना?” मी विचारलं. “मग माफी का मागत फिरलीस?”

“माफी मागितली की लवकर संपतं,” ती म्हणाली. “मी खरं सांगितलं असतं तर कुणी ऐकलं नसतं.”

“माझंही ऐकलं नाही त्यांनी.”

“तुमचं ऐकलं. तुम्ही चांगल्या आहात, असं ऐकलं.” ती बिल्ल्याकडे पाहत होती. आवाजात राग नव्हता, थकवा होता, माझ्यासारखाच. “परत सांगा.”

“आता?”

“हो. तुम्हालाच सांगता येईल.”

रॉस सॉसेजच्या रांगेत उभा होता, माईक टेबलावर पडला होता. माझ्यात उठायचं त्राण नव्हतं. उठले. माईक घेतला आणि म्हटलं, “टीगन, दहा मिनिटं राहिली असताना तू रेषेपाशी पाणी प्यायला आलीस. मला वाटलं तू बाहेर आलीस. चिमने माझ्याकडे वळून पाहिलं आणि मी तिच्यावर ओरडले, ‘जा म्हटलं ना.’ तुमचा सामना मी घालवला. आणि दुपारपासून गप्प बसले, कारण मला हा बिल्ला हवा होता.”

टीगनच्या हातातला ग्लास अर्ध्यावरच थांबला. तिला ते पाणी आठवलं असावं. या वेळी कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.