संयोगिताचं बाळंतपण

डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफीच्या मशीनचा पडदा आपल्याकडं वळवून घेतला, तेव्हाच काहीतरी बिनसलंय हे संयोगिताला कळलं. लग्नानंतर कितीतरी वर्षांनी दिवस राहिले होते. पाचवा महिना चालू होता. कोल्हापुरातल्या त्या दवाखान्यात पडल्या पडल्याच तिनं पडद्याकडं मान वळवायला बघितलं.

"बाळाची कवटी तयारच झालेली नाही," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "जन्मलं तरी जगणार नाही. पुढं न्यायचं की इथंच थांबवायचं, ते तुम्ही ठरवा. यात तुमची काही चूक नाही."

"पर हालतंय की ओ! आत्ता बी हालतंय. मग जगणार कसं न्हाय?"

बाईंनी नुसता तिचा हात धरला. दुसऱ्या डॉक्टरांनीही तपासून तेच सांगितलं. नवरा, जोतीराम, भिंतीला टेकून उभा राहिला तो हलेचना.

गावात, गडमुडशिंगीत, बातमी फुटायला वेळ लागला नाही. जोतीरामची आत्या कुरुंदवाडहून आली ती उंबऱ्यातच कडाडली, "गिरणात भाजी चिरली असशील! आन् आता पोटच्या पोराला माराय निघालीस व्हय गं?" आणि तिनं घरात मुक्कामच ठोकला.

ग्रहणात आपण काय करत होतो? विळी धरली होती का? सुई? संयोगिताला काहीच आठवेना, आणि आठवत नाही म्हणूनच पाप आपलंच असं वाटायला लागलं. पोटावर हात ठेवला की आतून ढुशी यायची. गोठ्यात जाऊन, म्हशीच्या पाठीवर डोकं टेकून, तोंडात पदर कोंबून ती रडली.

सासू, आक्का, धार काढायला आली होती. चरवी खाली ठेवून ती जवळ आली.

"काय ठरवलंस, बाळ?"

"ह्याला घिऊन अजून चार म्हैने फिरायचं, लोकांनी कितवा म्हणून इचारायचं... न्हाय झेपणार, आक्का. पर मारायचं तरी कसं? तुमीच सांगा."

"मी न्हाय सांगणार. ठेवलंस तर जपीन. न्हाय ठेवलंस तर संगं येईन." आक्कानं पदरानं तिचं तोंड पुसलं. "तुझ्या जागी उभं ऱ्हायाची कुणाची छाती हाय गं?"

संयोगितानं थांबवायचं ठरवलं. दवाखान्यात कळा मात्र पुऱ्या सोसाव्या लागल्या. मुलगी झाली. तिनं श्वास घेतलाच नाही. नर्स तिला तशीच घेऊन निघाली, तशी आक्का आडवी आली. पिशवीतनं लाल कुंची काढून तिनं नातीला घातली, भुवयांपर्यंत ओढली आणि आईच्या कुशीत दिली. नाक अगदी जोतीरामचं होतं. तेव्हा कुठं त्यानं हंबरडा फोडला.

घरी आल्यावर संयोगिताला दूध आलं. छाती दगडासारखी झाली. दूध आटावं म्हणून आक्का तिच्या छातीवर जुन्या लुगड्याची पट्टी बांधत होती, तोवर आत्या दोन शेजारणींना घेऊन दारात उभी राहिली.

"कुठं फेडणार गं हे पाप?"

"वन्सं," आक्का जागेवरनंच म्हणाली, "माझी नात गेलीया. रडाय आलासा असंल तर आत या. इचाराय आलासा असंल तर हितनंच माघारी जावा."

आत्यानं पिशवी उचलली आणि तरातरा एसटीची वाट धरली. तिच्यामागं एक शेजारीणही सटकली. दुसरी तेवढी आत आली, संयोगिताचे पाय चेपत बसली.

दुधानं पट्टी भिजली होती. आक्कानं दुसरी फाडली.