अपडेट चालू असताना

“घट्ट झाला का?” इंजिनिअरच्या डोळ्यांवर बांधलेल्या रुमालाची गाठ मारता मारता अंध ऑपरेटरबाईंनी विचारलं.

“नाही, ठीक आहे,” इंजिनिअर म्हणाला. रुमाल चांगलाच घट्ट झाला होता, पण जिनं कंपनीला नऊ वेळा फोन करून तक्रार केली तिच्यापुढे रुमालाची तक्रार कोण करणार?

बाईंनी त्याचा हात धरून टेबलावर नेला. आधी प्लेअर, मोठ्या बटणांचा, पुस्तकं वाचून दाखवणारा. मग त्यातून निघालेली वायर आणि वायरच्या टोकाला भिंतीतला प्लग. प्लगवर त्यांनी त्याची बोटं ठेवली.

“मागच्या वेळी मी अशीच बसले होते. आज तुम्ही बसा. प्लेअर परत बोलेपर्यंत.”

“ताई, मी बघत राहिलो असतो तर तुमच्याच सोयीचं होतं. हिरवा दिवा लुकलुकतोय तोवर सगळं...”

“दिवा,” बाई म्हणाल्या. एवढंच.

अंधांच्या यंत्राला दिवा बसवण्याची कल्पना याच इंजिनिअरची. अपडेट होताना प्लेअरचा आवाजाचा भागच बदलला जातो, म्हणून तेवढा वेळ तो बोलू शकत नाही. मग काम चालू असल्याचं कळावं कसं? हिरवा दिवा लुकलुकेल. बिघडलं तर लाल होईल, लाल झाला की ताबडतोब प्लग काढायचा. मीटिंगमधल्या सहा डोळस माणसांनी माना डोलावल्या होत्या आणि पुढचा विषय घेतला होता.

बाईंचा पहिला प्लेअर असाच गेला. घरात त्या एकट्या होत्या, प्लेअर गप्प झाला तो गप्पच. धीर सुटला तेव्हा त्यांनी प्लग काढला आणि अर्धवट अपडेट झालेलं यंत्र कायमचं बंद पडलं. ‘वापरकर्त्याची चूक’ असं उत्तर कंपनीतून गेलं. ते इंजिनिअरनंच लिहिलं होतं.

यंत्राचं काय, नवं मिळालं. गेल्या त्या खुणा. कोर्टातला टेलिफोन सांभाळून बाई न्यायाधीशाच्या परीक्षेचा अभ्यास करत होत्या. कायद्याच्या पुस्तकांत जागोजागी खूण घालायची आणि तिला स्वतःच्या आवाजात टीप जोडायची, ही त्यांची पद्धत. या खुणा प्लेअरमध्येच राहतात, दुसरीकडे उतरवून ठेवता येत नाहीत, हीसुद्धा त्यांची एक तक्रार होती. नव्या प्लेअरमध्ये अकरा महिने खपून त्यांनी पुन्हा साडेनऊशे खुणा घातल्या होत्या. परीक्षा तीन आठवड्यांवर आली होती, वयाच्या अटीमुळे संधी ही शेवटचीच, आणि सुधारित कायद्याची पुस्तकं जुन्या फर्मवेअरवर, म्हणजे प्लेअरच्या आतल्या जुन्या प्रोग्रॅमवर, वाजायलाच तयार नव्हती. अपडेट केल्यावाचून गत्यंतर नव्हतं.

“मी बघते ना दिव्याकडे,” दारातून बाईंची आई म्हणाली. “मला अजून छान दिसतं. कोणी विचारत नाही ही गोष्ट वेगळी.”

“तू आत जा आई. घड्याळ बघ फक्त. आणि सांगू नकोस.”

“बघायचं पण सांगायचं नाही. वा.” आई सपाता फटफटत आत गेली.

बाईंनी दोन बटणं एकदम दाबून धरली.

“अपडेट सुरू होत आहे,” प्लेअर म्हणाला. “कृपया वीजपुरवठा बंद करू नका.”

मग त्याचा आवाज गेला.

इंजिनिअरनं मनात आकडे मोजायला घेतले. एकशेचाळीसच्या आसपास वरच्या मजल्यावर कोणीतरी खुर्ची ओढली आणि हिशेब चुकला. पुन्हा एकपासून सुरुवात केली. शेजारी बाईंचा श्वास तेवढा ऐकू येत होता. त्यांनी काहीतरी बोलावं असं त्याला फार वाटत होतं.

“किती वेळ झाला असेल?”

“मला काय विचारता? यंत्र तुमचं.”

ऑफिसातल्या सगळ्या चाचण्या कोऱ्या प्लेअरवर झाल्या होत्या. साडेनऊशे खुणा असलेला प्लेअर त्यानं कधी अपडेट करून बघितलाच नव्हता, हे त्याला आत्ता, डोळे बांधून बसल्यावर सुचत होतं. दिवा लाल होऊन बसला असेल तर? मग प्लग न काढता गेलेलं एकेक मिनिट खुणा पुसत असेल. आणि हिरवा असेल अन् आपण प्लग काढला, तरी खुणांवर पाणीच सोडायचं. पाव तास तर नक्की झाला होता. एवढा वेळ लागूच शकत नव्हता. त्याला चक्क भीती वाटत होती.

बोटं प्लगवर आवळली गेली. प्लग भिंतीत किंचित हलला.

बाईंचा हात सपकन त्याच्या हातावर पडला. “नाही.”

“ताई, अडकलं असणार. मला माहितेय ना.”

“काय माहितेय?”

मोकळ्या हातानं त्यानं रुमाल वर सरकवला. उजेडानं डोळे दिपले, मग टेबल दिसलं, प्लेअर दिसला. हिरवा दिवा संथपणे लुकलुकत होता.

त्यानं प्लग सोडला. बाईंनीही हात काढून घेतला.

“बघितलंत ना?”

“हो.”

“रंग?”

“हिरवा.”

बाईंनी मान हलवली. दोघं तसेच बसून राहिले. शेवटी प्लेअरमधून टिक असा आवाज आला.

“अपडेट पूर्ण झाले. नऊशे त्रेपन्न खुणा उपलब्ध.”

बाईंनी घाईघाईनं एक बटण दाबलं. प्लेअरमधून त्यांचाच आवाज आला, जरा चिडका. “हे कलम दोनदा ऐक. मागच्या परीक्षेत इथेच माती खाल्लीस.” बाई हसल्या, आणि मग त्यांनी ओंजळीत तोंड धरलं.

“आता सांगू का?” आई दारात आली होती. “त्यांनी रुमाल वर केला तेव्हा पाच मिनिटं झाली होती. पुरतीसुद्धा नाहीत.”

“पाच?” इंजिनिअर म्हणाला.

“मागच्या वेळी मी अकरा थांबले होते,” बाई म्हणाल्या.

त्यानं रुमाल सोडून त्याची नीट घडी घातली. मग बॅगेतून दोघांनी सही करायचा कागद काढला. बाईंची तक्रार ही शेवटची राहिलेली होती. ती मिटली की उद्या सकाळी हेच अपडेट चार हजार घरांत पाठवायचं, असं ठरलं होतं.

“वाचून दाखवा,” बाई म्हणाल्या.

“‘तक्रारीचे निवारण झाले आहे. अपडेट ग्राहकाला कोणाच्याही मदतीशिवाय करता येते, याची इंजिनिअरने स्वतः खात्री करून घेतली आहे.’” त्यानं वाचलं.

“पहिलं वाक्य खरं आहे. माझं काम झालं. कुठे करू सही?”

त्यानं त्यांचं बोट रेघेवर ठेवलं. सही सावकाश, ठसठशीत झाली. तेवढ्यात त्याचा फोन वाजला.

“काय हो, किती वेळ?” मॅनेजरनं विचारलं. “बाई सही करत नाहीयेत का?”

“त्यांनी केली, सर,” इंजिनिअर म्हणाला. “मी करत नाहीये. उद्याचं अपडेट थांबवा.”