सतरा नंबर केंद्रातले वाढदिवस

आकडेशास्त्रींना खात्यात कुणी खऱ्या नावानं हाक मारल्याचं कुणाच्या ऐकिवात नाही. सार्वजनिक आरोग्य विमा योजनेच्या कचेरीत त्यांनी पंचवीस वर्षं नोकरी केली आणि मग नोकरी सोडून त्याच कचेरीचे सल्लागार झाले. म्हणजे आधी जे काम टेबलाच्या अलीकडे बसून करत, तेच पलीकडे बसून करू लागले. फरक एवढाच पडला, की आता लोक त्यांचं ऐकून घ्यायला लागले.

त्यांची सगळी कीर्ती एका नियमावर उभी होती. दहा वर्षांपूर्वी त्यांनी तो काढला. एका वस्तीत दोन नोंदींचं नाव, आडनाव आणि जन्मतारीख जुळली, की संगणकानं समजायचं माणूस एकच. पहिली नोंद ठेवायची, बाकीच्या उडवायच्या. पहिल्याच वर्षी बारा हजार जादा नोंदी उडाल्या. वरच्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या, शास्त्रींना एक काचेचं स्मृतिचिन्ह दिलं. त्याला पेन खोचायला भोक होतं. शास्त्रींची बायको त्यात दातकोरणी ठेवायची.

आता शास्त्री कायमचे निवृत्त होणार होते आणि शेवटचा अहवाल लिहीत होते. विषय होता, बनावट नोंदी कुठे आहेत. येत्या गुरुवारी संचालकांपुढे तो ठेवायचा आणि ज्या केंद्रावर शास्त्री बोट ठेवतील तिथली संशयित कार्डं त्याच दिवशी रद्द करायची, असं ठरलेलं.

सोमवारी त्यांचं बोट सतरा नंबरवर येऊन थांबलं.

सांगायची गोष्ट अशी, की म्हाताऱ्या माणसांपैकी पुष्कळांना आपली जन्मतारीख माहीत नसते. विचारलं तर म्हणतात, "मोठा पूर आला ना, त्याच्या पुढच्या साली." मग नोंदणी कारकून कपाळाला हात लावतो आणि लिहितो, एक जानेवारी. त्यामुळे कुठल्याही केंद्राचा तक्ता काढा, म्हाताऱ्यांच्या जन्मतारखांत एक जानेवारीला हा एवढा उंच मनोरा. शास्त्रींना तो मनोरा घरच्या माणसासारखा ओळखीचा होता. आणि सतरा नंबरच्या तक्त्यात तो मनोराच नव्हता! तेराशे बारा म्हातारी माणसं, आणि वाढदिवस वर्षभर कसे सारखे पसरलेले, भाकरीवर तूप पसरावं तसे.

"खऱ्या माणसांच्या माहितीत केर असतोच," शास्त्री चहा पिताना बायकोला म्हणाले. "केर नसला की समजावं, कुणीतरी बसून माणसं बनवली आहेत."

"मग आपलं घर बनावट नाही म्हणायचं," बायको म्हणाली. "उठा, तुमच्या खुर्चीखालचे कागद झाडायचेत."

बुधवारी शास्त्री स्वतः सतरा नंबरला गेले. तेराशे बारा कार्डं रद्द करायला सांगण्याआधी एकदा डोळ्यांनी पाहावं, एवढा जुना संस्कार त्यांच्यात शिल्लक होता. शिवाय ती त्यांच्या लहानपणची वस्ती. वडील गेल्यावर आई त्यांच्याकडे राहायला आली, त्याला सहा वर्षं झाली. तेव्हापासून इकडे पाऊल पडलं नव्हतं.

केंद्र म्हणजे दवाखान्याच्या मागची एक खोली. एक खिडकी, दोन बाकं, भिंतीवर गेल्या वर्षीची दिनदर्शिका, आणि टेबलामागे पन्नाशी उलटलेली एक बाई. लोक तिला ताई म्हणत होते. तिच्या समोर एक आजोबा बसले होते, आणि त्यांचं काहीतरी ठरत नव्हतं.

"आजोबा, लवकर सांगा. मागे रांग आहे."

"अगं पण पावसाळ्यातला नको. पावसाळ्यात गुडघे दुखतात. वाढदिवशी तरी दुखू नयेत."

"मग फेब्रुवारी घ्या. फेब्रुवारीत दोन तारीख मोकळी आहे, नऊ मोकळी आहे."

"नऊ दे. दोन म्हणजे फार लवकर होतो."

ताईनं नऊ फेब्रुवारी लिहून टाकली. आजोबा उठले ते पाच वर्षांनी तरुण झाल्यासारखे. शास्त्रींच्या अंगावर काटा आला. पंचवीस अधिक दहा वर्षांत त्यांनी पुष्कळ गैरप्रकार पाहिले होते, पण सगळे दारं लावून केलेले. इथे रांगेत उभं करून चालला होता.

रांग संपल्यावर ते पुढे गेले. "मी मुख्य कचेरीतून आलोय."

"बसा," ताई म्हणाली. "दहा वर्षं वाट बघतेय. चहा घेणार?"

"तुम्ही लोकांना जन्मतारखा वाटता?"

"ज्यांना नाहीत त्यांनाच. साल मात्र त्यांनी सांगितलेलं. सालाला मी कधी हात लावला नाही. दिवस आणि महिना, एवढंच."

"कशासाठी?"

ताईनं खणातून एक पाकीट काढलं. "तो नियम आला ना, त्या वर्षी माझ्या केंद्रातल्या एकशे चार बायामाणसांची कार्डं एका सकाळी बंद पडली. इथे निम्म्या वस्तीचं आडनाव एक. बायकांची नावं घेऊन घेऊन पाच-सहा. सालं पुराच्या हिशोबानं दोन-तीनच, आणि दिवस सगळ्यांचा एक जानेवारी. तुमच्या संगणकाला वाटलं, त्याच त्या चार बाया आहेत, पुन्हा पुन्हा येतायत." तिनं पाकिटातून कागद काढले. "त्यातल्या एका आजीबाईंना डोळ्यांच्या ऑपरेशनच्या टेबलाजवळून परत पाठवलं. मी कचेरीला चार पत्रं लिहिली. तीन पत्रांना उत्तर आलं, 'पत्र मिळाले.' चौथ्याला हे."

शास्त्रींनी वाचलं. 'नियम अचूक आहे. केंद्रांनी माहिती स्वच्छ करून पाठवावी.' खाली सही त्यांची. अक्षर बिघडलं नव्हतं, हाच काय तो दिलासा.

"मग मी विचार केला, साहेब म्हणतात तर माहिती स्वच्छ करायला पाहिजे," ताई म्हणाली. तिच्या चेहऱ्यावरची एक रेषही हलली नाही. "त्या एकशे चार जणींना पुन्हा बोलावलं आणि प्रत्येकीला एक-एक दिवस दिला, मग बाकीच्या एक जानेवारीवाल्यांनाही. एका नावाच्या दोघांना एक दिवस द्यायचा नाही, एवढंच पथ्य. तेव्हापासून सतरा नंबरचं एकही कार्ड बंद पडलं नाही."

शास्त्री खिडकीबाहेर बघत बसले. एक जानेवारीचा मनोरा त्यांना ठाऊक होता. तो का उभा राहतो तेही ठाऊक होतं. त्यावर त्यांनी दोनदा व्याख्यान दिलं होतं. नियमही त्यांचाच. दोन्ही गोष्टी त्यांच्या एकाच डोक्यात होत्या, पण वेगवेगळ्या फायलींत. आणि त्या दोन फायलींची दहा वर्षांत एकदाही गाठ पडली नव्हती. बारा हजार नोंदी. त्यातली खरी माणसं किती, हे मोजायचं कुणाला सुचलं नव्हतं, कारण मोजायचं काम शास्त्रींचं होतं.

"तुमचा स्वतःचा वाढदिवस कोणता घेतलात?" काहीतरी बोलायचं म्हणून त्यांनी विचारलं.

"माझा एक जानेवारी. खराखुरा. दाखला आहे," ताई म्हणाली. "म्हणून तर मनाला एवढं लागलं."

मग तिनं एक जाड वही पुढे सरकवली. चोरी असती तर वही ठेवली नसती, असा तिचा सरळ हिशोब. डावीकडे नाव, मध्ये तारीख, उजवीकडे त्या माणसानं तीच तारीख का घेतली ते.

"कारण कशाला लिहून घेता?"

"पुढच्या वेळी आले की स्वतःची तारीख विसरलेले असतात. कारण सांगितलं की आठवते."

शास्त्री वाचत गेले. 'थोरली मुलगी झाली तो दिवस.' 'नवरा दवाखान्यातून चालत घरी आला तो दिवस.' 'जावेच्या आधी येतो म्हणून.' 'काही नाही, आवडला.' दोनशे एकाव्या ओळीवर त्यांचं बोट अडकलं. आडनाव त्यांचं, नाव त्यांच्या आईचं. तारीख तेवीस जुलै. आणि पुढे ताईच्या गोल अक्षरात, 'मुलाला सरकारी विमा कचेरीत नोकरी लागली तो दिवस.'

नऊ वर्षांपूर्वी आईनं अचानक जाहीर केलं होतं, की तेवीस जुलै हा माझा वाढदिवस, यापुढे विसरायचं नाही. सगळ्यांना वाटलं, म्हातारीला उशिरा का होईना आठवलं. त्यानंतर दर वर्षी ती नवं पातळ हक्कानं मागून घेत होती. आणि सात वर्षांपूर्वी खुब्याचं हाड मोडलं, तेव्हा दवाखान्यात कार्ड दाखवल्याबरोबर तिला आत नेलं होतं. शास्त्रींनी बाहेर बाकावर बसून बायकोला म्हटलं होतं, "बघ, आमची व्यवस्था." तेही छाती फुगवून.

"या नावाच्या इथे किती?" त्यांनी विचारलं.

ताईनं बघितलं. "चार. या आजी चौथ्या. एक जानेवारी घातली असती, तर पहिली राहिली असती आणि या गेल्या असत्या. ओळखीच्या आहेत का?"

"थोड्याफार," शास्त्री म्हणाले. मग खाली बघून म्हणाले, "माझी आई आहे."

ताईनं मघाच आणून ठेवलेला चहाचा कप त्यांच्याकडे सरकवला. थंड चहा त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच तक्रार न करता संपवला. मग उभं राहून दोन्ही हात जोडले. "तुमचे उपकार आहेत, ताई."

"मला कसले उपकार," ताई म्हणाली. "एवढंच सांगा, उद्या माझ्या म्हाताऱ्यांची कार्डं राहतील ना? माझं काय व्हायचं ते होऊ द्या."

घरी आई खिडकीपाशी वाटाणे सोलत बसली होती. वय चौऱ्याऐंशी, नजर शाबूत, जीभ त्याहून शाबूत.

"आई, तुझा वाढदिवस तेवीस जुलै कसा गं?"

आईनं शेंग फोडली. "कळलं वाटतं. नऊ वर्षं लागली. आणि लोक तुला सल्ला विचारतात!"

"खरा नाही ना तो?"

"अरे, मी जन्मले ते मी कुठे बघितलंय? तुला नोकरी लागली ते मी या डोळ्यांनी बघितलं. तू दारातूनच ओरडलास. त्या दिवसानंतर तुझ्या बाबांनी मला 'तुझा मुलगा' म्हणून टोमणा मारला नाही, 'आपला मुलगा' म्हणायला लागले. त्या बाईनं विचारलं, कोणता दिवस देऊ? म्हटलं, हाच दे."

"मी तर ती तारीख विसरलो होतो."

"तू विसरणारच. म्हणून तर सरकारात लिहून ठेवली."

शास्त्री तिच्या शेजारी बसले आणि वाटाणे सोलू लागले. त्यातले निम्मे त्यांनी खाली सांडले. ते आईनं वेचून घेतले.

गुरुवारी संचालकांच्या दालनात लांब टेबलाभोवती नऊ माणसं बसली होती. शास्त्रींनी पडद्यावर सतरा नंबरचा तक्ता लावला.

"हे बनावट केंद्र ना?" संचालक म्हणाले. ते चष्मा वर ढकलून निकाल देत. "रद्द करून टाकू."

"बनावट नाही. संपूर्ण खात्यात म्हाताऱ्या माणसांची बरोबर मोजदाद असलेलं हे एकच केंद्र आहे. चूक बाकी सगळीकडे आहे. नोंदी जुळवायचा नियमच चुकीचा आहे. गेल्या दहा वर्षांत त्यानं उडवलेली प्रत्येक नोंद परत उघडून, माणसाला भेटून तपासली पाहिजे. आणि फॉर्मवर 'जन्मतारीख माहीत नाही' असा एक चौकोन पाहिजे."

"म्हणजे तुमचाच तो नियम?"

"माझाच."



संचालकांनी चष्मा खाली घेतला. "अहो, तुमच्या निरोपाचं माझं भाषण तयार आहे. त्यात दोन पानं त्या नियमाचं कौतुक आहे."

"ती दोन पानं काढून टाका."

"मग उरेल काय?"

"आभार," शास्त्री म्हणाले. "ते माझे मी मानीन." आणि त्यांनी ताईकडून आणलेल्या चारही पत्रांच्या नकला टेबलावर ठेवल्या, शेवटी आपलं उत्तर. संचालकांनी पाचही कागद वाचले. वाचायला त्यांना वेळ लागला, कारण एक कागद ते दोनदा वाचत होते.

"या बाईंनी नियम मोडला," शेवटी ते म्हणाले.

"पाळला. माहिती स्वच्छ करून पाठवा, असं मीच लिहून दिलंय. शिक्षा द्यायची तर सही बघून द्या."

संचालकांनी सही बघितली, मग शास्त्रींकडे बघितलं. तेराशे बारा कार्डं तशीच राहिली. नियम त्याच दुपारी थांबला. उडवलेल्या नोंदी तपासायला समिती नेमायची ठरली. आणि तिला वाट कोण दाखवणार, असा प्रश्न आल्यावर सगळ्यांनी ताईचं नाव सुचवलं. ताई म्हणाली, येईन, पण रांग संपल्यावर. फॉर्मवर चौकोन आला. खात्याच्या वेगाच्या मानानं फारच लवकर आला, म्हणजे सात आठवड्यांत.

"निरोप कधी ठेवू?" संचालकांनी विचारलं होतं. शास्त्रींनी तेवीस जुलै सांगितली.

त्या दिवशी आई नव्या पातळात पहिल्या रांगेत बसली, शेजारी ताई. संचालकांचं भाषण चार मिनिटांत आटोपलं; एवढं चांगलं भाषण त्यांच्याकडून कुणी ऐकलं नव्हतं. शास्त्री उठले. त्यांनी पस्तीस वर्षांच्या कामाबद्दल एक आकडाही सांगितला नाही. ते म्हणाले, "माझी चूक ज्या बाईनं दहा वर्षं गुपचूप निस्तरली, तिच्यामुळे आज माझी आई चालत इथे आली." त्यांनी ताईला पुढे बोलावलं आणि ते काचेचं स्मृतिचिन्ह तिच्या हातात दिलं. घाईत आणलेलं, त्यामुळे भोकात दोन दातकोरण्या तशाच राहिल्या होत्या.

परत येताना गाडीत आई म्हणाली, "नोकरी लागली ती याच दिवशी, सुटली तीही याच दिवशी. चला, बरं झालं. पुढच्या वर्षीपासून हा दिवस माझा एकटीचा."