फ्यूजच्या जागी तार

मी एक लोखंडी पेटी बोलतेय. भिंतीतली वीज घ्यायची, तिला आवर घालायचा आणि पंधरा व्होल्ट अधिक, पंधरा व्होल्ट उणे अशा दोन वाटांनी ती जुन्या अ‍ॅम्प्लिफायरला द्यायची, एवढंच माझं काम.

२००३ साली चेन्नईत मला घडवलं रामस्वामींनी. तंजावरकडचे मराठी, रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झालेले. त्यांच्या पत्नीच्या, वसंताबाईंच्या आईने गायलेली लग्नातली गाणी एका स्पूल टेपवर होती. वीज देणारा भाग जळाल्याने अ‍ॅम्प्लिफायर मुका झाला होता. तीन आठवडे ते मला जोडत बसले. प्रत्येक टाका भिंगातून बघायचे. "फ्यूज उडाला तर आधी कारण शोध, मग बदल," असं बायकोला बजावायचे. मग टेप लागली, आई गायली, तेव्हा वसंताबाई पदरात तोंड लपवून रडल्या.

२००६मध्ये रामस्वामी गेले. माझ्या पोटात झुरळांनी बिऱ्हाड केलं. त्यांची अंडी, लेंड्या, वर खाऱ्या हवेचा चिकटा. शी! पण माणसाची किळस अजून यायची होती.

पुतण्या विजयेंद्र जुन्या यंत्रांचा शौकीन, म्हणजे चारचौघांत मिरवण्यापुरता. एका रविवारी त्याने काकूंच्या घरी पाहुणे जमवले, टेप लावली. फ्यूज उडाला. दुसरा घातला, तोही उडाला. माझ्या आत बिघाड होता. आणखी कसं सांगायचं?

"विजयेंद्रा, थांब. आधी उघडून बघ," वसंताबाई म्हणाल्या.

"काकू, तुम्ही कॉफीचं बघा हो." आणि त्याने फ्यूजच्या जागी तांब्याची तार पिळून बसवली.

आई दीड ओळ गायली. मग आवर घालणारा माझा भाग वितळला, बेफाम वीज सुटली आणि अ‍ॅम्प्लिफायर जळाला. माझ्याच हातून!

विजयेंद्र नाकाला रुमाल लावून पाहुण्यांना म्हणाला, "काकांची जोडणीच चुकीची होती."

वसंताबाई उठल्या. प्लग उपटला, माझं टोपण उघडलं. काळवंडलेली तार चिमटीत धरून त्यांनी विचारलं, "ही त्यांनी बसवली?"

पाहुणे कॉफीच्या पेल्यात बघत बसले.

टेप वाचली. वसंताबाईंच्या मुलीने, संयुक्ताने, बेंगळुरूला चालू यंत्र शोधलंय, टेप तिकडे गेली. मी कपाटावर आहे. परवा विजयेंद्र आला. "काकू, ही पेटी द्या ना, दिवाणखान्यात शोभेला ठेवतो." मला हात लावला मेल्याने. माझ्या पत्र्यावर शहारा आला.

"भंगारात देईन," वसंताबाई म्हणाल्या.

द्याच हो. वितळवा मला, खिळे करा. फक्त त्याच्या घरची शोभा करू नका.