टेबलाखालची पाचर

मी तापट आहे, हे आधीच सांगून टाकतो. लाकडी कोडी करणाऱ्या माणसाला ते शोभत नाही, पण आहे ते आहे.

घराच्या मागच्या खोलीत माझं काम चालतं. लोक फोटो आणून देतात, मी तो फळीवर चिकटवतो आणि बारीक करवतीनं हातानंच तुकडे कापतो. पुढचं सगळं वहिनी बघायच्या. दादा गेल्यापासून त्या वरच्या मजल्यावर एकट्या राहतात. कोडं एकदा पूर्ण जुळवून बघायचं, तुकडे मोजायचे, मागून घासायचे आणि खोक्यात भरायचे. दहा वर्षांत एक तुकडा इकडचा तिकडे झाला नव्हता.

मग एक दिवस आमच्या गल्लीतल्या नर्सबाई खोकं घेऊन दारात उभ्या. त्यांच्या यजमानांना हल्ली काही आठवत नाही, म्हणून दोघांच्या तरुणपणच्या फोटोचं कोडं त्यांनी करून घेतलं होतं. एकच तुकडा कमी निघाला, नेमका बाईंच्या चेहऱ्याचा. यजमान रोज कोडं लावायचे, त्या भोकात बोट घालायचे आणि विचारायचे, ही कोण?

माझं डोकं सटकलं. माझ्या खोलीत असं होणं शक्यच नाही, या तोऱ्यात मी बाईंसमोरच म्हणालो, "वहिनी, दिसत नसेल तर सांगायचं. लोकांची कामं कशाला नासवता?"

वहिनींनी हातातलं फडकं घडी करून ठेवलं आणि जिना चढून गेल्या. दुसऱ्या दिवसापासून आल्याच नाहीत. बाईंना मी नवा तुकडा कापून देतो म्हणालो आणि आज करू, उद्या करू म्हणत राहिलो.

दोन महिने गेले. झाडू मारायचं आता माझ्याच गळ्यात पडलं होतं. टेबल सरकवलं तर ते डुगडुगायला लागलं आणि पायाखालची पाचर सुटून बाहेर आली. ती मीच घातली होती. बाईंचं कोडं तयार होत होतं त्या दिवशी टेबल हलत होतं, मी वैतागलो होतो, हाताला लागला तो तुकडा खाली सारला. वहिनींनी मोजून झालेले तुकडे घासायला पालथे मांडले होते, मला वाटलं टाकाऊ असेल. आता उलटून पाहिला तर नर्सबाई हसत होत्या.

क्षणभर वाटलं, गुपचूप नेऊन द्यावा आणि नवा कापला म्हणावं. असं मनात आलं याचीच मला जास्त लाज वाटली.

वर गेलो. वहिनींसमोर तुकडा धरला. त्यांनी तो उलटसुलट केला, टेबलाच्या पायाचा ठसा पाहिला आणि काय ते समजल्या.

"बाईंसमोर बोललात ना, भावोजी? मग बाईंसमोरच सांगा." एवढं म्हणून त्यांनी चपला घातल्या.

नर्सबाईंच्या घरी मी मान खाली घालून सांगितलं, चूक माझी होती, वहिनींची नाही. बाईंनी तुकडा बसवला. यजमान त्या चेहऱ्याकडे कितीतरी वेळ बघत राहिले. मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "तुम्ही कोण? कशाला आलात?"

मी पुन्हा सगळं सांगितलं. त्यांनी मान डोलावली, चेहऱ्यावरून बोट फिरवलं आणि परत तेच विचारलं. तिसऱ्यांदाही मी पहिल्यापासून सांगितलं. बाई मध्ये पडणार होत्या, पण वहिनींनी त्यांच्या हातावर हात ठेवला.

यजमानांनी पुन्हा विचारलं तेव्हा मी वहिनींकडे पाहिलं, सुटका होईल म्हणून.

"सांगा ना," वहिनी शांतपणे म्हणाल्या. "त्यांनी विचारलंय."